'यकृतरक्षक' लिहिता, तर बाटलीवर उंदराचाही उल्लेख करा

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, वांद्रे (पूर्व), मुंबई

विषय: 'यकृतरक्षक' म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य कॅप्सूल, काढे आणि रसांची लेबलं

सन्माननीय महोदय,

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर एक प्लॅस्टिकची बाटली आहे. हिरवं झाकण, पानाचं चित्र, आणि त्याखाली चार दावे: '100 टक्के नैसर्गिक', 'अँटिऑक्सिडंटयुक्त', 'यकृतरक्षक', 'दुष्परिणाम नाहीत'. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'गुळवेल 500 मि.ग्रॅ.' आणि आणखी तीन वनस्पती. 500 मि.ग्रॅ. म्हणजे काय, नुसतं वाळवून कुटलेलं खोड की कित्येक पट आटवलेला अर्क, याचा पत्ता नाही. 60 पैकी 22 कॅप्सूल शिल्लक आहेत. ही तिसरी बाटली. पहिल्या दोन माझ्या धाकट्या बहिणीने संपवल्या होत्या.

ती भांडुपला राहते. पोटाच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड 1' असं आलं. त्यात विशेष काही नव्हतं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, देशभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात भारतातल्या 38.6 टक्के प्रौढांच्या यकृतात चरबी आढळली आहे. म्हणजे लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला माणूस धरला, तर त्या बाकावर दीड जणाचं यकृत तसं असणार. डॉक्टरांनी तिला वजन उतरवायला सांगितलं. बाईने स्टेशनजवळच्या दुकानातून ही बाटली आणली. अडीच महिन्यांनी डोळे पिवळे, लघवी काळसर, अंगभर खाज. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर (एन्झाइम), साधारण 40 च्या आत असावं, ते 900 च्या पुढे. रुग्णालयात तिला दोनदा विचारलं, 'कुठलं औषध चालू आहे का?' दोन्ही वेळा ती 'नाही' म्हणाली. तिसऱ्यांदा एका तरुण डॉक्टरने 'काही आयुर्वेदिक, झाडपाल्याचं?' असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, 'ते होय! ते काय औषध आहे का?'

हेपॅटायटिसचे विषाणू तपासून झाले, कॅप्सूल बंद झाल्या, दोन-सव्वादोन महिन्यांनी आकडे उतरले. कारण शंभर टक्के सिद्ध झालं असा माझा दावा नाही. केसपेपरवर डॉक्टरांनी 'संभाव्य' हाच शब्द लिहिला आणि तो प्रामाणिक आहे. पण बरी झाल्यावर ती मला जे म्हणाली ते मला झोपू देत नाही. 'ताई, तूच सांगायचीस ना, गुळवेल लिव्हरला चांगली म्हणून?'

सांगायचे. 31 वर्षं मी मुंबईतल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात शिकवलं. दरवर्षी एम.फार्म.ची दोन-तीन मुलं माझ्याकडे यायची आणि त्यांचा विषय ठरलेला असायचा: अमुक वनस्पतीच्या अर्काचा यकृतरक्षक परिणाम. भुईआवळी झाली, माका झाला, घेटुळी झाली, उन्हाळी झाली, कालमेघ झाला. 'यकृतरक्षक' हा शब्द आमच्या प्रयोगशाळेत कसा तयार व्हायचा ते मी आपल्याला सांगते. मग बाटलीवर तो वाचताना आपल्यालाही माझ्यासारखंच होईल.

पहिली पायरी काचेच्या नळीतली. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं रसायन असतं, तो एक स्थिर मुक्त मूलक (फ्री रॅडिकल), म्हणजे जोडीचा इलेक्ट्रॉन हरवलेला रेणू. त्यात वनस्पतीचा अर्क टाकला आणि जांभळा रंग उतरून पिवळा झाला, की अर्क अँटिऑक्सिडंट. मुलं फार खूश व्हायची. मी त्यांना एकदा आमच्या कँटीनचा चहा गाळून त्यात टाकायला लावला. चहा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला. आंब्याची साल, कांद्याचं टरफल, पेरूचं पान, जे टाकाल ते उत्तीर्ण होतं, कारण असा रंग उतरवणारी पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं कुठल्या झाडात नसतात? अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारा आपला तक्ता 2012 साली संकेतस्थळावरून काढून टाकला. त्या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नाही आणि कंपन्या ते जाहिरातीला वापरतात, असं कारण त्यांनी दिलं. आपल्याकडे त्या आकड्यांचं राज्य अजून चालू आहे.

दुसरी पायरी उंदरांची. पांढऱ्या उंदरांना सात दिवस रोज अर्क पाजायचा. मग कार्बन टेट्राक्लोराइड टोचायचं. हे पूर्वी कपडे ड्रायक्लीन करायला आणि आग विझवायला वापरत. यकृतातलं सीवायपी2ई1 नावाचं विकर त्याचं मोडतोड करून एक चळलेला मूलक बनवतं, आणि तो पेशींच्या चरबीच्या पापुद्र्यांना आग लावत सुटतो. दुसऱ्या दिवशी रक्त काढायचं आणि यकृत पाहायचं. नुसतं विष दिलेल्या उंदराचं यकृत फिकट, पिवळसर, सुजलेलं. अर्क पाजलेल्याचं त्या मानाने लालसर. तुलनेला सिलिमरिन दिलेले उंदीर. ते भूमध्य समुद्राकाठच्या मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांतलं द्रव्य, या खेळातला जुना खेळाडू. आपला अर्क सिलिमरिनच्या जवळपास पोचला की प्रबंध झाला, शोधनिबंध झाला, पेढे वाटले.

यात खोटं काही नव्हतं. पण दोन गोष्टी आम्ही मुलांना दबक्या आवाजात सांगायचो आणि प्रबंधात लिहायचो नाही. एक, अर्क विषाच्या आधी दिला जातो. आठवडाभर काढा पिऊन आठव्या दिवशी कार्बन टेट्राक्लोराइड पिणारा माणूस मी मुंबईत अजून पाहिलेला नाही. लोक यकृत बिघडल्यानंतर गोळ्या घेतात. दुसरी गोष्ट जास्त अवघड. काही अर्क त्या विकरालाच अडवतात. विष जागंच होत नाही, म्हणून यकृत वाचतं. प्रयोगात ते 'संरक्षण' म्हणून मोजलं जातं. पण माणसात अशाच तऱ्हेने विकरं अडली, तर त्याची रक्तदाबाची किंवा मिरगीची गोळी रक्तात साठत जाईल. एकच गुण, दोन नावं.

मी या वनस्पतींची वैरी आहे असं कृपया समजू नका. अँटिऑक्सिडंटची कल्पना पोकळ नाही. पॅरासिटामॉलचा अतिडोस झाला की यकृतातलं ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं स्वतःचं संरक्षक द्रव्य, संपतं. मग रुग्णालयात जे एन-असिटिलसिस्टीन देतात ते त्याच ग्लुटाथायोनचा कच्चा माल पुरवतं आणि माणूस वाचवतं. विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना युरोपात सिलिमरिनमधला मुख्य घटक शिरेतून देतात. 2010 च्या एका मोठ्या चाचणीत, मधुमेह नसलेल्या पण चरबीमुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांना 96 आठवडे ई जीवनसत्त्व दिलं, तर 43 टक्क्यांमध्ये सुधारणा दिसली, नुसत्या फसव्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवर 19 टक्क्यांत. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीत, निरोगी पुरुषांनी वर्षानुवर्षं ई जीवनसत्त्व घेतलं तर प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त दिसला. कुणाला, किती, किती दिवस, हे प्रश्न वनस्पतीच्या नावाइतकेच महत्त्वाचे असतात ते असे.

आणि मुंबईचं म्हणाल, तर या शास्त्राची एक राजधानी परळला होती. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर जे काम केलं ते आजही आदराने वाचावं असं आहे. 1993 साली त्यांनी पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या 30 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेआधी नेहमीच्या उपचारांच्या जोडीला वजनानुसार मोजून गुळवेल दिली, तर रक्तातला जंतुसंसर्ग कमी आणि जगणारे जास्त. 1996 साली डॉ. अशोक वैद्य आणि मंडळींचा कुटकीवरचा अभ्यास आला. विषाणूजन्य कावीळ झालेल्यांपैकी 15 जणांना दिवसातून तीनदा 375 मि.ग्रॅ. कुटकीचं चूर्ण, 18 जणांना फसवं चूर्ण. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, 2.5 वर उतरायला कुटकीवाल्यांना सरासरी 27 दिवस लागले, दुसऱ्यांना 76. संख्या लहान, पण जात चोख: रुग्ण मोजलेले, मात्रा लिहिलेली, तुलना केलेली.

पुढे काय झालं पाहा. भुईआवळीने 1988 मध्ये 'लॅन्सेट'चं पान गाठलं. हेपॅटायटिस बी विषाणू शोधणारे नोबेलविजेते ब्लुमबर्ग त्या मद्रासच्या अभ्यासाचे सहलेखक होते. 30 दिवस चूर्ण घेतलेल्या 37 वाहकांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, फसव्या औषधावर 23 पैकी एकाच्या. देशभर आनंद झाला. मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि तसं यश पुन्हा कुणाला मिळेना. सिलिमरिनची कथा तीच. 2012 मध्ये अमेरिकेत हेपॅटायटिस सीच्या 154 रुग्णांना 24 आठवडे नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत ते दिलं, यकृताच्या विकरांचे आकडे फसव्या गोळीइतकेच. नळीत उत्तम, उंदरात उत्तम, माणसात हात रिकामे. यामागचं मुख्य कारण साधं आहे. हे रेणू आतड्यातून थोडेच शोषले जातात, आणि जे जातात त्यांना यकृतच परकं समजून लेबल चिकटवून बाहेर काढतं. ज्याच्या रक्षणाला पाठवले, त्यानेच दारातून परत लावले.

मग जे काही काम हे रेणू करतात ते कसं करतात? आज मान्य असलेलं उत्तर असं की ते मूलकांशी स्वतः लढत नाहीत, ते पेशीला हलकंसं टोचतात. पेशीत एनआरएफ-2 नावाचं प्रथिन एरवी बांधून ठेवलेलं असतं. टोचणी लागली की ते सुटतं, केंद्रकात जातं आणि पेशीची स्वतःची ग्लुटाथायोन बनवणारी यंत्रणा चालू करतं. आमच्या सोसायटीत अग्निशमनाची मॉक ड्रिल होते तसं. वर्षातून एकदा भोंगा वाजला तर वॉचमनला नळ कुठे आहे ते कळतं. रोज दहा वेळा वाजला तर चौथ्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात पडतात. झाडांनी ही कडू रसायनं आपल्यासाठी बनवलेली नाहीत, कीड, बुरशी आणि गुरांपासून स्वतःला वाचवायला बनवली आहेत. चिमूटभर आणि थाळीभर यांत फरक पडणारच. सकाळी बागांबाहेर दुधीचा रस विकला जातो. दुधी कडू निघाला तर तो रस पिऊन माणसं दगावली आहेत, इतकी की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीला 'कडू लागला तर पिऊ नका' असं सांगावं लागलं. तोही शंभर टक्के नैसर्गिकच.

आता मूळ मुद्दा. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत याच मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण दिसले आणि 2021 साली ते त्यांनी प्रसिद्ध केलं. करोनाचा काळ होता, प्रतिकारशक्तीच्या नावाखाली घराघरांत काढा उकळत होता. त्या सहांपैकी एक रुग्ण वाचू शकली नाही. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांतून 43 रुग्णांची नोंद आली. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते आणि काहींच्या बाबतीत ती प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, असा डॉक्टरांचा कयास आहे. 1993 ला परळमध्ये जो गुण रुग्णाच्या कामी आला, तोच 27 वर्षांनी काहींच्या मुळावर आला असावा. फरक एवढाच की परळच्या रुग्णाच्या उशाशी डॉक्टर होता, मात्रा होती, मुदत होती. माझ्या बहिणीच्या उशाशी बाटली होती.

आयुष मंत्रालयाने तेव्हा सांगितलं की गुळवेलीचा यकृताशी संबंध जोडणं दिशाभूल करणारं आहे, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल वापरली गेली असेल. असेल. मी वाद घालत नाही. पण महोदय, हे खरं मानलं तर आपली जबाबदारी कमी होते की वाढते? बाजारात गुळवेलीच्या नावाने दुसरी वेल विकली जात असेल, तर ती ओळखायचं काम माझ्या बहिणीचं नक्कीच नाही. खोडाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, पातळ थराची क्रोमॅटोग्राफी करायची, एवढं माझी पदवीची मुलं दुपारच्या प्रॅक्टिकलला करायची.

हळदीचंही सांगते, कारण आपल्या घरात हळदीविषयी कुणी वावगं बोललं तर सासू-सून एक होतात. भाजीतल्या हळदीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हळदीतलं कुर्क्युमिन अंगी लागत नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपेरिन घालतात. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की पिपेरिनबरोबर माणसात कुर्क्युमिनची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढते. यकृताचा दरवाजा मिरीने अडवून धरला, की ही वाढ होते. अमेरिकेत औषधजन्य यकृत-इजेची नोंद ठेवणाऱ्या गटाला हळदीच्या पूरकांमुळे झालेले 10 रुग्ण सापडले, त्यांतल्या 7 जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने 2023 च्या ऑगस्टमध्ये लोकांना जाहीर सावध केलं. ग्रीन टीच्या अर्काबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्येच सांगितलं की त्यातलं ईजीसीजी दिवसाला 800 मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृताची विकरं वाढू लागतात. हळद आमची आणि इशारा त्यांचा, हे मला मराठी बाई म्हणून जरा लागतं.

आता पावसाळा. दर जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत दूषित पाण्याने कावीळ येते आणि त्याच दिवसांत कंपाउंडच्या भिंतीशी भुईआवळी उगवते. ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे त्या काळात जे काही कराल त्याला यश येतं: भुईआवळीचा रस, उसाचा रस, गळ्यात घालायची माळ. माझ्या आईने तिन्ही केलं होतं आणि मी बरी झाले होते. पण गर्भवती बाईला झालेली हेपॅटायटिस ई ही जीवघेणी असू शकते आणि ती माळ घालून घरी बसली, तर तिचे गेलेले दिवस परत येत नाहीत. बाटलीवरच्या 'यकृतरक्षक' या शब्दाने नेमकं तेच होतं. तो वेळ खातो.

आपल्या कार्यालयाला या बाजाराची दोन दारं आहेत. तीच गुळवेल आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेऊन येते आणि तीच न्यूट्रास्युटिकल, म्हणजे आरोग्यासाठीचं पूरक अन्न, म्हणून अन्नाच्या दारानेही येते. दुसऱ्या दाराने आली तर 2016 च्या नियमांनुसार बाटलीवर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहावं लागतं. लिहितातही, तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि वर 'लिव्हर केअर'. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी मंजुरी हवी, असं सांगणारा नियम 170 हा 2018 साली आला होता. 2024 च्या जुलैत केंद्राने तो वगळला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जाहिरातीचं जे होईल ते दिल्लीत होवो. लेबल मात्र आपला निरीक्षक दादर स्टेशनच्या पुलाखाली उभा राहून वाचू शकतो.

त्या लेबलावर मला काय हवं ते लिहिते. वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि कुठला भाग. चूर्ण की अर्क, आणि अर्क असेल तर किती किलोंचा किती. ज्या घटकाच्या जोरावर दावा आहे तो घटक एका कॅप्सूलमध्ये किती. 'यकृतरक्षक' लिहायचं असेल तर त्याच अक्षरांत, त्याच ओळीत, रक्षण कुणाचं झालं होतं ते: 'उंदरांमध्ये, कार्बन टेट्राक्लोराइडच्या आधी दिल्यास'. माणसांवर झालं असेल तर किती माणसांवर. मला माहीत आहे, उंदीर छापलेली बाटली कुणी घेणार नाही. पण उंदराच्या जिवावर दावा करायचा आणि उंदराला लेबलावर जागा द्यायची नाही, हा अन्याय मी 31 वर्षं पाहिला आहे आणि त्यात माझाही हात आहे.

'दुष्परिणाम नाहीत' हे वाक्य मात्र सरळ बंद करा. ते कुठल्याही औषधाबाबत खरं असू शकत नाही, मग ते झाडाचं असो वा कारखान्याचं. वत्सनाभ, बिब्बा, धोत्रा अशा द्रव्यांची ई-1 यादी औषध नियमांत आहे आणि ती असतील तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं छापावं लागतं. म्हणजे नैसर्गिक गोष्ट अपायकारक असू शकते हे आपला कायदा केव्हाच मानतो. त्याच्या जोडीला दोन ओळी हव्यात: आधीपासून यकृताचा किंवा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा) आजार असेल तर घेऊ नका, आणि डोळे पिवळे, लघवी गडद, खाज किंवा मळमळ दिसली तर बंद करून डॉक्टरांना ही बाटली दाखवा. शेवटच्या तीन शब्दांनी माझ्या बहिणीचे निदान न झालेले आठ दिवस वाचले असते. त्याखाली 1800-180-3024 हा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा टोल फ्री क्रमांक छापा. आयुष औषधांसाठी वेगळी दक्षता यंत्रणा 2018 पासून आहे, पण माझ्या ओळखीच्या एकाही दुकानदाराला तिचं नाव माहीत नाही, आणि तपासायला मी अकरा दुकानं फिरले आहे. एकाने मला उलट सल्ला दिला, 'मॅडम, तुम्ही थकलेल्या दिसता, लिव्हर टॉनिक देऊ का?'

बहीण आता रोज संध्याकाळी पाऊण तास चालते. सहा किलो उतरले आहेत. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर यकृतातली चरबी आणि सूज खरंच हटते, याला उंदरांची साक्ष काढावी लागत नाही. मध्येच माटुंग्याला जाऊन फिल्टर कॉफी पिते, कारण कॉफी पिणाऱ्यांत सिऱ्होसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होण्याचा आजार, कमी आढळतो असं मीच तिला सांगून बसले. निरीक्षणांवरून निघालेली गोष्ट आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं. ते तिने ऐकलं नाही.

राहता राहिल्या या 22 कॅप्सूल. त्यांत खरी गुळवेल आहे की दुसरी वेल, शिसं-पारा आहे का, कुणी गुपचूप स्टिरॉइड तर मिसळलं नाही, हे कळावं अशी माझी इच्छा आहे. बाटलीवर बॅच क्रमांक आहे, खरेदीची पावती आहे, केसपेपरची प्रत आहे. जवळच्या कार्यालयात गेले तेव्हा 'हे आयुर्वेदिक आहे की फूड?' असं विचारून मला एका टेबलाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून पहिल्याकडे पाठवण्यात आलं. मी बाटली काढ्याच्या डब्याशेजारी कोरड्या जागी जपून ठेवली आहे आणि मुदत संपायला सात महिने आहेत. मंगळवार सोडून कुठल्याही दिवशी मुलुंडहून वांद्र्याला येऊ शकते. ती कुठल्या मजल्यावर, कुठल्या टेबलावर द्यायची, तेवढं कळवावं.

आपली,
औषधनिर्माणशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
मुलुंड (पूर्व), मुंबई